रस्त्यावर धावणाऱ्या क्लासिक गाडीसाठी कॅमशाफ्ट आणि टॉर्क कन्व्हर्टर: निवडीपासून बसवण्यापर्यंत

कॅमशाफ्टची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, उंचवटे असलेल्या दांड्याची, निवड बहुतेक वेळा कानानं होते. उभ्या गाडीतून येणारा तो अडखळता, दमदार आवाज ऐकला की आपल्याही व्ही-८ ला तसाच कॅम हवा असं वाटतं, आणि कॅटलॉगमधला बसेल तेवढा मोठा कॅम मागवला जातो. इंजिन पुन्हा जोडल्यावर आवाज मनासारखा येतोही. पण गिअर ‘डी’मध्ये टाकला की इंजिन धापा टाकतं, ब्रेकचं पेडल कडक लागतं, आणि सिग्नलवरून निघताना पूर्वी होता तेवढाही पिकअप उरलेला नसतो. यात कॅमचा दोष नसतो. त्याच्याशी जुळणारा कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाच्या मार्फत जोडणारा डबा), ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे) आणि कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पटीनं दाबतो) त्याला मिळालेलं नसतं.

म्हणून इथे आपण उलट्या दिशेनं जाणार आहोत. आधी चाक, मग ॲक्सल, मग गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर, आणि कॅम सगळ्यात शेवटी. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन बहुतांश वेळ १५०० ते ३५०० आरपीएममध्येच असतं. त्या पट्ट्यात जो कॅम इंजिनाला ताकद देतो तोच त्या गाडीचा कॅम, मग ६००० आरपीएमला तो काय करतो याला फारसं महत्त्व नाही. लेखातली उदाहरणं १९५५ ते १९८० या काळातल्या अमेरिकन पुशरॉड (कॅम खाली ब्लॉकमध्ये असलेल्या) व्ही-८ आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आहेत, कारण हा प्रश्न सर्वांत जास्त त्याच गाड्यांच्या मालकांना पडतो.

आधी गाडी कागदावर मांडा

कॅटलॉग उघडण्यापूर्वी एक कागद घ्या. त्यावर इंजिनाची क्षमता, प्रत्यक्षातलं कॉम्प्रेशन, हेड (सिलिंडरवरचं झाकण) कोणते, रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचा) रेशो, एक्झॉस्टला कारखान्याचे मॅनिफोल्ड की हेडर्स (मोकळ्या नळ्या), गिअरबॉक्सचा प्रकार, ॲक्सलचा रेशो, मागच्या टायरचा व्यास, गाडीचं वजन, व्हॅक्यूमवर चालणारे पॉवर ब्रेक आणि एसी आहे का, हे सगळं लिहा. यातल्या दोन गोष्टी लोक हमखास अंदाजानं लिहितात: ॲक्सलचा रेशो आणि कॉम्प्रेशन.

ॲक्सलचा रेशो मोजायला काही लागत नाही. गिअर न्यूट्रलला ठेवा, पुढच्या चाकांना अडण्या लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर घ्या. साधं डिफरन्शियल असेल तर एक मागचं चाक धरून ठेवा, दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. तीन फेऱ्यांहून जेमतेम थोडा जास्त फिरला तर ३.०८, पावणेतीनच्या आसपास असेल तर २.७३. लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं मिळून एकच फेरा फिरवायचा.

कॉम्प्रेशनच्या बाबतीत जाहिरातीतल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. जनरल मोटर्सनं १९७१ सालच्या मॉडेलांपासून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, त्यामुळे ‘३५० इंजिन’ एवढ्या वर्णनावरून ते साडेआठ आहे की सव्वादहा हे कळत नाही. त्यात मधल्या काळात कुणी इंजिन उघडून पातळ पत्र्याच्या हेड गॅस्केटऐवजी जाड गॅस्केट बसवलं असेल तर आणखी पाव ते अर्धा अंक गेलेला असतो. पिस्टनचा खळगा, डेकपासूनचं (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासूनचं) अंतर, हेडच्या चेंबरचा आकार आणि गॅस्केटची जाडी मोजून आकडा काढा. पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

चाकापासून इंजिनापर्यंत

आता तुमच्या नेहमीच्या वेगाला इंजिन किती फिरतं ते काढा. ताशी किलोमीटरला ॲक्सलच्या रेशोनं गुणा, उत्तराला ५.३ नं गुणा आणि टायरच्या मीटरमधल्या व्यासानं भागा. मिळतो तो टॉप गिअरमधला आरपीएम. ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याच्या रेशोनं पुन्हा गुणायचं.

०.६६ मीटर व्यासाचा टायर, म्हणजे साधारण २६ इंची, आणि ताशी ९० किमी वेग धरला तर २.७३ च्या ॲक्सलवर सुमारे १९७५ आरपीएम येतो, ३.०८ वर २२३०, ३.५५ वर २५७० आणि ३.७३ वर २७००. कन्व्हर्टर थोडा घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा किंचित वर असतो. हा आरपीएम कागदावर ठळक लिहून ठेवा. कॅम आणि कन्व्हर्टर दोन्ही त्याच्याशी जुळले पाहिजेत.

ओव्हरड्राइव्ह बसवलेल्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. ७०० आर ४ गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.७० चा आहे. ३.०८ ॲक्सल तसाच ठेवला तर ताशी ९० ला इंजिन १५६० वर येतं, आणि मोठ्या कॅमला तो आरपीएम सोसत नाही. त्यातच लॉकअप (कन्व्हर्टर घसरू न देता थेट जोडणारा क्लच) लागला की गाडी आचके द्यायला लागते. ३.७३ ॲक्सल असेल तर तोच आकडा १८९० होतो आणि पहिला गिअरही खणखणीत ओढतो.

कॅमचे आकडे कसे वाचायचे

लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो. लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) उंची गुणिले रॉकरचा रेशो असा तो हिशेब. स्मॉल ब्लॉक शेवरलेला १.५, स्मॉल ब्लॉक फोर्डला १.६ आणि बिग ब्लॉक शेवरलेला १.७ हे मूळ रेशो. लिफ्ट वाढल्यानं आयडल (उभ्या गाडीतलं इंजिनाचं संथ चालणं) बिघडत नाही. तिला मर्यादा येते ती स्प्रिंग आणि गाइडकडून, ते पुढे येईल.

ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. इथे दोन आकडे असतात. जाहिरातीचा आकडा प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या उंचीवर मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे कॅम त्यावरून ताडून पाहता येत नाहीत. तुलना करायची ती ०.०५० इंच टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारा भाग) लिफ्टवरच्या ड्युरेशननं. कल्पना यावी म्हणून सांगतो, शेवरलेच्या साध्या ३५० मध्ये वर्षानुवर्षं येणारा कारखान्याचा कॅम ०.०५० वर इनटेकला १९५ आणि एक्झॉस्टला २०२ अंशांचा आहे. त्याच कारखान्याचा ३२७ साठीचा गाजलेला एल-७९ कॅम दोन्हीकडे २२२ चा. या दोन आकड्यांच्या मध्येच रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचा कॅम सापडतो.

लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत. ते कमी केलं की दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. ओव्हरलॅप काढायला दोन्ही ड्युरेशनची बेरीज करून चारनं भागा, त्यातून लोब सेपरेशन वजा करा आणि उत्तर दुप्पट करा. २६८ आणि २८० जाहिराती ड्युरेशन, ११० सेपरेशन असेल तर ओव्हरलॅप ५४ अंश. तोच कॅम ११४ वर घासून घेतला तर ४६. आयडलचा अडखळता आवाज आणि मॅनिफोल्डमधला कमी व्हॅक्यूम, दोन्ही मुख्यतः याच अंशांमधून येतात.

सगळ्यात मोलाचा आकडा मात्र वेगळाच आहे, आणि जाहिरातीत तो क्वचितच ठळक छापतात: इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो. पिस्टन तळाला पोचून परत वर निघतो तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. तो बंद होईपर्यंत खरं कॉम्प्रेशन सुरूच होत नाही, आणि कमी आरपीएमवर आत आलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते. जाहिराती ड्युरेशनच्या निम्म्यात इनटेक सेंटरलाइन (पिस्टन सगळ्यात वर असल्यापासून इनटेक लोबच्या शिखरापर्यंतचे क्रँकचे अंश) मिळवा आणि १८० वजा करा. २६८ ड्युरेशन आणि १०६ सेंटरलाइन असेल तर पिस्टन तळाला पोचल्यानंतर ६० अंशांनी व्हॉल्व्ह बंद होतो.

याचा परिणाम किती होतो ते शेवरले ३५० च्या मापांवर पाहू. स्ट्रोक ३.४८ इंच, कनेक्टिंग रॉड ५.७ इंच, कॉम्प्रेशन ८.५. व्हॉल्व्ह ५० अंशांवर बंद होत असेल तर स्ट्रोकचा ८७ टक्के भाग कॉम्प्रेशनसाठी उरतो आणि ‘परिणामी कॉम्प्रेशन’, म्हणजे प्रत्यक्ष लागू होणारं, ७.५ येतं. ६० अंशांवर ८१ टक्के आणि ७.१. जाहिराती ड्युरेशन २९२ आणि सेंटरलाइन १०८ चा कॅम घेतला तर व्हॉल्व्ह ७४ अंशांवर बंद होतो, ७१ टक्केच उरतो आणि आकडा ६.३ वर येतो. लोखंडी हेड आणि साधं पेट्रोल असेल तर हा आकडा साडेसात ते आठच्या दरम्यान असणं चांगलं, ॲल्युमिनियमचे हेड असतील तर थोडा वर चालतो. ६.३ वर गाडी खालून मेलेली लागते. कार्ब्युरेटर बदला, इग्निशन बदला, तो दम परत येत नाही. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात मोठा कॅम घातलेल्या गाड्यांचं दुखणं नेमकं हेच असतं, आणि लोक वर्षभर जेट बदलत बसतात.

ब्रेक आणि व्हॅक्यूम

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरला आयडलला, गिअरमध्ये असताना, पंधरा-सोळा इंच पारा तरी हवा. कारखान्याच्या कॅमवर अठरा-वीस मिळतो. ओव्हरलॅप वाढत गेला की तो बारा-दहापर्यंत उतरतो. गाडी थांबवण्याच्या ताकदीत तडजोड करू नका. मोठा कॅम घ्यायचाच असेल तर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप किंवा पॉवर स्टिअरिंगच्या दाबावर चालणारा हायड्रोबूस्ट बसवण्याचा खर्च कॅमच्याच खर्चात धरा. नुसता व्हॅक्यूमचा डबा लावून भागत नाही. तो एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरता साठा देतो, उतारावरच्या रहदारीत तो संपतो.

साधारण किती मोठा कॅम

पुढचे आकडे ३५० घन इंचाच्या आसपासच्या इंजिनासाठी, ०.०५० वरच्या इनटेक ड्युरेशनचे आहेत. २०४ ते २१० पर्यंत कारखान्याचा कन्व्हर्टर आणि उंच (कमी रेशोचा) ॲक्सल चालतो, आयडल जवळपास गुळगुळीत राहतं. २१४ ते २१८ ला आयडलमध्ये थोडी लय ऐकू येते, कॉम्प्रेशन साडेआठ-नऊ असलं तरी गाडी खूश असते, आणि २००० ते २२०० आरपीएम स्टॉलचा (स्टॉल म्हणजे काय ते पुढे येईल) कन्व्हर्टर शोभतो. २२४ ला नऊपेक्षा जास्त कॉम्प्रेशन, ३.५५ च्या आसपासचा ॲक्सल आणि २४००-२५०० चा कन्व्हर्टर हवा. २३० ला साडेनऊ-दहा कॉम्प्रेशन, हेडर्स आणि २८०० पर्यंतचा कन्व्हर्टर. त्यापुढे गेलात की रोजच्या वापरातली गाडी राहत नाही.

इंजिनाची क्षमता बदलली की हे आकडे सरकतात. ४५४ किंवा ४५५ मध्ये २३० चा कॅम सौम्य वागतो, २८९ किंवा ३०२ मध्ये तोच चिडका होतो. कारण उघड आहे: तेवढ्याच वेळात मोठ्या सिलिंडरला जास्त हवा भरायची असते.

एक्झॉस्टला कारखान्याचे मॅनिफोल्ड ठेवणार असाल तर एक्झॉस्ट ड्युरेशन इनटेकपेक्षा सहा ते दहा अंशांनी जास्त आणि लोब सेपरेशन ११२ च्या आसपास घ्या. अडलेला एक्झॉस्ट आणि मोठा ओव्हरलॅप एकत्र आले की जळका वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो. दोन कॅममध्ये निर्णय होत नसेल तर लहान घ्या. हे मी भित्रेपणानं म्हणत नाही, लहान कॅमची गाडी लोक जास्त चालवतात.

कन्व्हर्टर नेमकं काय करतो

कन्व्हर्टरच्या आत तीन चाकं असतात. इंजिनाबरोबर फिरणारा पंप, गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेलं टर्बाइन, आणि दोन्हींच्या मध्ये एकाच दिशेनं फिरू शकणारा स्टेटर. गाडी उभी असताना टर्बाइन थांबलेलं असतं, पंप तेल फेकत असतो आणि स्टेटर परतणारं तेल वळवून पंपाला मदत करतो. त्यामुळे निघताना इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो. टर्बाइनचा वेग पंपाच्या जवळ गेला की स्टेटर मोकळा सुटतो आणि टॉर्क वाढणं थांबतं.

टर्बाइन अडवून ठेवलं असताना पूर्ण थ्रॉटलवर इंजिन जिथपर्यंत चढतं तो स्टॉल स्पीड. हा आकडा कन्व्हर्टरच्या डब्यावर छापलेला असला तरी तो एकट्या कन्व्हर्टरचा नसतो. स्टॉल इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ३०० पौंड-फूट टॉर्कच्या इंजिनामागे २२०० ला थांबणारा कन्व्हर्टर ४०० पौंड-फूटच्या इंजिनामागे साधारण २५४० ला थांबेल. बिग ब्लॉकवाल्याकडे ‘तीन हजारचा’ असलेला कन्व्हर्टर तुमच्या ३०२ मागे तीन हजारचा राहत नाही.

याच नियमातून एक मोठा गैरसमजही दूर होतो. २४०० स्टॉलचा कन्व्हर्टर म्हणजे २४०० आरपीएम होईपर्यंत गाडी हलणारच नाही, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हलक्या थ्रॉटलवर इंजिन पाव टॉर्क देत असेल तर तोच कन्व्हर्टर १२०० च्या आसपासच धरायला लागतो. चांगल्या बनावटीचा २४०० चा कन्व्हर्टर रहदारीत जवळजवळ कारखान्याच्यासारखाच वाटतो. स्वस्तातला मात्र सैल वाटतो, कारण त्यात मोठ्या डब्याची पाती नुसती वाकवून स्टॉल वाढवलेला असतो आणि क्रूझिंगलाही तो घसरत राहतो.

आता सिग्नलला काय होतं ते जवळून बघा. मोठ्या कॅमचं इंजिन न्यूट्रलला ८५० वर कसंबसं स्थिर आहे. मागे कारखान्याचा घट्ट कन्व्हर्टर आहे. ‘डी’ टाकताच इंजिनावर भार येतो, आरपीएम सहाशेच्या खाली जातो, इंजिन थरथरून बंद पडतं. मालक आयडल स्क्रू आत फिरवतो. बंद पडणं थांबतं, पण आता गाडी ब्रेकला ढकलत उभी राहते आणि न्यूट्रलमधून गिअर टाकताना धक्का बसतो. त्याहून वाईट म्हणजे थ्रॉटलची पाती इतकी उघडलेली असतात की कार्ब्युरेटरमधला ट्रान्सफर स्लॉट (पेट्रोलची बारीक फट) उघडा पडतो, मिक्सचर स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही, आणि उभ्या गाडीतून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. कार्ब्युरेटरला दोष दिला जातो. जरा सैल कन्व्हर्टर लावला की गिअरमधला भार कमी होतो, आरपीएम पन्नास-शंभरच उतरतो आणि पाती पुन्हा बंद करता येतात. स्टॉलची चर्चा नेहमी जोरात निघण्याबद्दल होते, पण रस्त्यावरच्या गाडीत कन्व्हर्टर बदलण्याचं माझ्या मते पहिलं कारण हे उभ्या गाडीचं वागणं आहे.

निवडीचा नियम असा: कॅमची ताकद जिथून सुरू होते त्याच्या पाचशे-सहाशे आरपीएम वर स्टॉल ठेवा, आणि तो तुमच्या नेहमीच्या क्रूझिंग आरपीएमच्या फार वर जाऊ देऊ नका. दोन्ही अटी एकत्र बसत नसतील तर कॅम लहान करा किंवा ॲक्सल बदला. लॉकअप असलेल्या गिअरबॉक्सला इथे सवलत मिळते, कारण लॉकअप लागल्यावर घसरण शून्य होते. त्यांनी तीन-चारशे आरपीएम वर जायला हरकत नाही. बुइक, ओल्ड्समोबील आणि कॅडिलॅकच्या १९६५ ते १९६७ च्या काही टर्बो ४०० गिअरबॉक्समध्ये स्टेटरच्या पात्यांचा कोन बदलणारा कन्व्हर्टर कारखान्यातूनच यायचा, म्हणजे एकाच डब्यात दोन स्टॉल. तुमच्या गाडीत तो शाबूत असेल तर काढण्याआधी नीट विचार करा.

घसरण म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे गिअरबॉक्सचं मरण. स्टॉल वाढवला की बाहेरचा ऑइल कूलर लावायचाच. तेल ८० ते ९५ अंश सेल्सियसमध्ये राहिलं पाहिजे. १२० च्या वर गेलं की त्याचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

१९७२ ची शेव्हेल घ्या. ३५० इंजिन, कॉम्प्रेशन ८.५, कारखान्याचे लोखंडी हेड, टर्बो ३५० गिअरबॉक्स, ३.०८ ॲक्सल, २६ इंची टायर, पॉवर ब्रेक. ताशी ९० ला इंजिन २२३० वर. मालकाला २३० चा कॅम हवा आहे.

जाहिराती ड्युरेशन २७४, सेंटरलाइन १०६ धरली तर त्याचा व्हॉल्व्ह ६३ अंशांवर बंद होतो. परिणामी कॉम्प्रेशन सातच्या खाली. कन्व्हर्टर २६०० च्या वरचा लागेल, म्हणजे क्रूझिंग सतत स्टॉलच्या खाली. व्हॅक्यूम ब्रेकला अपुरा. तीन ठिकाणी नकार आला.

२१८ आणि २२४ चा, जाहिराती २६२ ड्युरेशनचा कॅम घेतला तर बंद होण्याचा क्षण ५७ अंश, परिणामी कॉम्प्रेशन ७.२. अगदी आदर्श नाही, पण गाडी खालून जिवंत राहते. २१०० च्या आसपासचा कन्व्हर्टर क्रूझिंगच्या आरपीएमला जुळतो. हेडर्स आणि ड्युअल प्लेन इनटेक मॅनिफोल्ड जोडलं की ही गाडी मूळ गाडीपेक्षा सर्वच आरपीएमवर पुढे असेल.

आणि २२४ चाच कॅम हवा असेल तर पैसे आधी हेडवर खर्च करा. लहान चेंबरच्या हेडनं कॉम्प्रेशन ९.५ केलं तर ६० अंशांवर बंद होणाऱ्या कॅमलाही परिणामी कॉम्प्रेशन जवळपास ७.९ मिळतं. सोबत ३.५५ ॲक्सल आणि २४०० चा कन्व्हर्टर. क्रम हाच ठेवा: हेड, ॲक्सल, कन्व्हर्टर, मग कॅम.

ठरलं की कन्व्हर्टर बनवणाऱ्याला ‘२४०० चा द्या’ एवढंच सांगू नका. पहिला कागद, कॅमचं पूर्ण कार्ड आणि गाडीचं वजन द्या. चांगला कारागीर त्यावरून पंप आणि स्टेटर निवडतो.

कॅम बसवण्याआधीची तपासणी

कॅमबरोबर नेमून दिलेल्या स्प्रिंग घ्या. हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटला (ज्याचा सपाट तळ लोबवर घासतो) बंद स्थितीत शंभर ते एकशेवीस पौंडांच्या आसपास दाब लागतो. जुन्या थकलेल्या स्प्रिंगवर नवा कॅम तरंगतो. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकण्याआधी ०.०६० इंच जागा उरली पाहिजे, आणि रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) गाइडच्या सीलवर आदळता कामा नये. शेवरलेच्या जुन्या हेडमध्ये ही अडचण ०.४६० इंचाच्या लिफ्टनंतर सुरू होते. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मळलेली क्ले लावून मोजा: इनटेकला किमान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच.

फ्लॅट टॅपेट कॅमला टॅपेट नवेच हवेत. जुने टॅपेट जुन्या लोबबरोबर घासून बसलेले असतात, ते नव्या लोबला खातात. रोलर कॅममध्ये, जिथे टॅपेटला चाक असतं, टॅपेट चांगले असतील तर पुन्हा वापरता येतात. जुन्या ब्लॉकमध्ये रोलर कॅम घालत असाल तर कॅम पुढे सरकू नये म्हणून थ्रस्ट बटण किंवा प्लेट लागते, आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर कॅमच्या धातूशी जुळणारा आहे का ते विचारून घ्या. फोर्डवाल्यांनी फायरिंग ऑर्डरही पाहावी. ३०२ चा मूळ क्रम १-५-४-२-६-३-७-८, पण ५.० एचओ आणि ३५१ विंडसरचा १-३-७-२-६-५-४-८. कॅम कुठला आला त्याप्रमाणे प्लगच्या वायर लावायच्या.

टायमिंग चेन नवी लावा आणि डिग्री व्हीलनं (अंश कोरलेल्या चकतीनं) कॅम तपासा. पिस्टन स्टॉपनं खरा टीडीसी (पिस्टनचं सगळ्यात वरचं स्थान) काढा, पहिल्या सिलिंडरच्या इनटेक लोबवर डायल गेज लावा, शिखराच्या दोन्ही बाजूंना ०.०५० खालचे अंश वाचून मध्य काढा. तो कार्डवरच्या सेंटरलाइनशी जुळला पाहिजे. टायमिंग चेनच्या चाकांवरचे डॉट समोरासमोर आले म्हणजे झालं, असं समजू नका. चार अंशांचा फरक म्हणजे इनटेक बंद होण्याच्या क्षणातही चार अंशांचा फरक.

पहिली वीस मिनिटं

फ्लॅट टॅपेट कॅमचं आयुष्य इथे ठरतं. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला ब्रेक-इनची पेस्ट लावा. इंजिनात जस्त आणि फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं ब्रेक-इन तेल घाला. २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम प्रतीपासून हलक्या ग्रेडच्या तेलात फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलेला आहे. आधुनिक गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावेत म्हणून ते झालं, पण घासत चालणाऱ्या टॅपेटला ते पुरत नाही. पुढेही तेल तसंच, जुन्या इंजिनासाठीचं वापरा. दुहेरी स्प्रिंग असतील तर ब्रेक-इनपुरत्या आतल्या काढून ठेवा.

डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलनं ऑइल पंप फिरवा, सगळ्या रॉकरवर तेल आलेलं डोळ्यांनी पाहा. कार्ब्युरेटर भरलेला, टायमिंग बसवलेला, रेडिएटर भरलेला असू दे, म्हणजे इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू होईल. सुरू होताच आयडलला येऊ देऊ नका. २००० ते २५०० च्या मध्ये आरपीएम वरखाली करत वीस ते तीस मिनिटं चालवा. कमी आरपीएमला क्रँकवरून उडणारं तेल लोबपर्यंत पुरेसं पोचत नाही. काही गळायला लागलं, तापमान चढलं तर इंजिन बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेला वेळ पूर्ण करा. नंतर तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून आत चकाकणारा कीस आहे का पाहा.

कन्व्हर्टर बसवताना

आधी फ्लेक्सप्लेट (क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी तबकडी) जुळते का पाहा. जनरल मोटर्सच्या फ्लेक्सप्लेटवर कन्व्हर्टरच्या बोल्टचं वर्तुळ १०.७५ किंवा ११.५ इंचांचं असतं, दातेही १५३ किंवा १६८. स्मॉल ब्लॉक ४०० चं संतुलन बाहेरून साधलेलं असतं, त्याला वजनाची फ्लेक्सप्लेट लागते. क्रायस्लरच्या ३६० मध्ये ते वजन कन्व्हर्टरवरच वेल्ड केलेलं असतं, त्यामुळे ३१८ चा कन्व्हर्टर तिथे लावला तर गाडी थरथरते.

कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता आणि तो गिअरबॉक्सवर फिरवत फिरवत बसवा. टर्बाइनचा शाफ्ट, स्टेटरचा आधार आणि पंपाचे खाचे असे तीन टप्पे वेगवेगळे जाणवतात. तिसरा टप्पा बसला नाही आणि तुम्ही बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचे) बोल्ट आवळत गेलात की पंप फुटतो. बेलहाउसिंग ब्लॉकला हातानं टेकली पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्या पॅड व फ्लेक्सप्लेटमध्ये तीन ते पाच मिलिमीटर फट राहिली पाहिजे. मगच कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावा. ७०० आर ४ असेल तर टीव्ही केबल (थ्रॉटलनुसार गिअरबॉक्समधला दाब ठरवणारी) पहिल्या फेरीआधी बिनचूक लावा. ती सैल राहिली तर क्लच जळायला एकच फेरी पुरते.

रस्त्यावर काढण्याआधी

नव्या कॅमला सुरुवातीचं इग्निशन टायमिंग जास्त लागतं, बहुधा १२ ते १६ अंश. जुन्या स्मॉल ब्लॉकला एकूण टायमिंग ३४ ते ३६ वर थांबवा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची चाल तेवढी कमी करावी लागते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला जोडून पाहा, अनेकदा आयडल तेवढ्यानंच शांत होतं. होली कार्ब्युरेटरमधला पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जास्त पेट्रोल देणारा) ‘डी’मधल्या आयडल व्हॅक्यूमच्या निम्म्याचा निवडा. बारा इंच असेल तर सहाच्या जवळचा.

मग गाडी मोकळ्या जागेत नेऊन, पुढे-मागे कुणी नसताना, ब्रेक घट्ट धरून थ्रॉटल वाढवा आणि चाकं सरकायला लागतात तिथला आरपीएम वाचा. पाच सेकंदांच्या वर हे करू नका, तेल झपाट्यानं तापतं. हा आकडा छापील स्टॉलपेक्षा कमीच येतो, कारण आधी ब्रेक हार मानतात. खरा आकडा हवा असेल तर कमी वेगात, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सरकत असताना एकदम पूर्ण थ्रॉटल द्या आणि सुई कुठे उडी मारून थांबते ते सोबतच्या माणसाला वाचायला सांगा. तो आकडा कागदावर लिहा, आणि कन्व्हर्टरवाल्याला कळवा. अपेक्षेपेक्षा दोनशेहून जास्त फरक असेल तर बरेच कारागीर डबा उघडून पुन्हा बसवून देतात. ते ऑर्डर देतानाच विचारून घेतलेलं बरं.